ठिपके असेपर्यंत

त्या रानात पाणी होतं आणि बाहेरच्या माळावर नव्हतं, म्हणून रानाभोवती निवडुंगाचं कुंपण होतं. बाहेरच्या जनावराला आत राहायची मुभा नसे. अपवाद एकच. चोरून आत आलेल्याचा रानातल्याच कोणी लचका तोडला, आणि त्या जखमीनं भर सभेत न भिता लचका तोडणाऱ्याचं नाव घेतलं, तर त्याला राहू देत. सोबत त्याच्या लेकरालाही, पण लेकराच्या अंगावर ठिपके असेपर्यंतच. ठिपके गेले की लेकरूपण संपलं. नियम दयाळूच म्हणायचा. निदान रानातले तरी तसंच म्हणत.

एका दुष्काळात एक भेकरी आपलं पाडस बहिणीपाशी ठेवून कुंपणातून आत शिरली. पूर्वेच्या ओढ्यावर लांडग्यानं तिची मांडी फाडली. लांडगा रानातला मानकरी, त्याच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. भेकरी लंगडत सभेत आली आणि म्हणाली, "हाच तो." सभेनं लांडग्याला पाणवठ्यावरून हाकललं. तो ओढ्यापलीकडच्या जाळीत जाऊन राहिला.

रानाच्या वेशीवर कोतवाल पक्षी पहारा करी. जखम खरी आहे आणि हिनं रानाला मदत केली आहे, अशी ग्वाही त्यानं दिली.

"मग आता लेकराला बोलवू?" भेकरीनं विचारलं.

"पाळी आली की बोलव. तुझ्यापुढे पुष्कळ जखमी आहेत, बाई. आणि तोवर बाहेर पाऊल टाकू नकोस, नाहीतर केलं सवरलं सगळं पाण्यात जाईल."

ती थांबली. कुंपणावरून ये-जा करणाऱ्या साळुंकीबरोबर निरोप धाडी: "मावशीला त्रास देऊ नकोस. पोटभर खा, राजा. लवकर मोठा हो." आई दुसरं काय सांगणार! पाडस गुणाचं, आईचा शब्द त्यानं खाली पडू दिला नाही. वाळकं गवत, बाभळीच्या शेंगा, मिळेल ते खाल्लं. पावसाळे आले तसे गेले, माळ कोरडाच राहिला, पण पाडस वाढलं.

अखेर पाळी आली. वेशीबाहेर एक उंच, तुकतुकीत भेकर येऊन उभं राहिलं. भेकरीनं त्याला वासावरून ओळखलं. कोतवालानं त्याच्या दोन्ही कुशी पाहिल्या, पोटाखाली वाकून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. एखादा तरी ठिपका सापडावा असं त्यालाही मनापासून वाटत होतं. एकही नव्हता.

"तुला राहता येईल," तो भेकरीला म्हणाला. "याला नाही. वाईट वाटतं, पण माझ्या हाती काही नाही."

"मीच म्हणत होते ना, मोठा हो म्हणून! जळली मेली माझी जीभ!" भेकरी रडू लागली. "चल पोरा, मीही येते बाहेर."

"नको गं आई. बाहेर पाणी नाही. तू इथंच राहा."

मग वाट विचारावी तशा साध्या आवाजात, अगदी अदबीनं, त्यानं कोतवालाला विचारलं, "मामा, तो लांडगा हल्ली कुठं असतो?"

वाट सांगायची सवय असलेल्या कोतवालानं पूर्वेच्या जाळीकडे मान वळवली. प्रश्नाचा अर्थ त्याला मागाहून कळला. तोवर पोरगा कुंपणाच्या कडेकडेनं, आत शिरायला फट शोधत, पूर्वेकडे चालू लागला होता.