बोरखिंडचा भुयारी मार्ग

बोरखिंड गावाच्या मधून महामार्ग गेला. घरं अलीकडे राहिली, शाळा पलीकडे गेली. मुलीला शाळेत सोडून परतताना हौसाबाई नावाच्या म्हातारीच्या सुनेला ट्रकने उडवलं. त्याआधीही त्याच जागी माणसं गेली होती. रस्त्याखालून भुयारी मार्ग द्या, असा अर्ज घेऊन गावकरी महामार्गाच्या मोठ्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी अर्ज वरवर चाळला. "धोक्याचं ठिकाण ठरायला आमच्या नियमाने दहा मृत्यू लागतात. तुमच्याकडे नऊच आहेत. एक कमी पडतो, माझा नाइलाज आहे."

हौसाबाई पुढे झाली.

"मग साहेब, त्या एकाचं नाव तेवढं अर्जावर लिहून द्या."

"नाव? कुणाचं?"

"जो मरायला हवा त्याचं. त्याच्या घरी आम्ही आधी सांगून ठेवतो. आमच्या घरी कुणी सांगितलं नव्हतं."

साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "मावशी, असं कुणाचं नाव मी कसं लिहू?"

"नाव लिहवत नाही, मग त्याच्या मरणाची वाट कशी बघवते?"

साहेबांनी मान खाली घातली आणि अर्जावर लिहिलं, 'नियम शिथिल करून काम तातडीने मंजूर करावे.'

काम पुरं व्हायला वर्ष गेलं. तोवर गावकरी रोज रस्त्यात आडवा दोर धरून गाड्या थांबवायचे आणि मुलांना ओलांडून न्यायचे. दोराचं एक टोक हौसाबाईच्या हातात असायचं. साहेबांना कमी पडलेला तो एक माणूस गावाने शेवटपर्यंत दिला नाही.