पहिल्या ओळीतल्या सुवार्ताबाई

फोटो काढायचा म्हणजे तालुक्याहून फोटोग्राफर बोलवावा लागे, त्या दिवसांतली ही गोष्ट. गावच्या चर्चचा सुवर्णमहोत्सव होता. गायन मंडळातल्या बायकांनी आदल्या दिवशीच अबोलीचे गजरे करून ओल्या फडक्यात ठेवले होते.

मंडळाच्या फोटोसाठी सुवार्ताबाई साळवे पहिल्या ओळीत उभ्या राहिल्या. त्यांची आई जन्मभर याच जागी उभी राहून गायली होती.

तेवढ्यात चर्चचे सेक्रेटरी ओहोळसाहेब कोट सावरत पुढे आले.

"बाई, तुम्ही मागं जा. पुढं सडपातळ मुली शोभतील. शरीर म्हणजे देवाचं मंदिर, असं शास्त्रच सांगतं. ते नीट राखायला नको?"

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. सुवार्ताबाईंचा हात पोट झाकायला पदराकडे गेला आणि मध्येच थांबला.

"साहेब, गेल्या साली तुम्ही भिंत पाडून हे चर्च रुंद केलंत. कशासाठी हो?"

"माणसं मावेनात म्हणून," साहेब छाती काढून म्हणाले. "बिशपसाहेबांनी स्वतः येऊन आभाराची प्रार्थना केली."

"माझ्या मंदिरातही तीन लेकरं राहून गेली, तेव्हा तेही रुंद झालं. देवाचं एक मंदिर वाढलं तर आभाराची प्रार्थना, आणि दुसरं वाढलं तर मागची ओळ?"

पेटीवर बसलेल्या मार्थामावशींनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. मग सगळ्याच हसू लागल्या. साहेबांनी घसा खाकरला आणि ते फोटोग्राफरकडे वळले.

"तूच जरा मागं सरक रे. सगळ्या मावल्या पाहिजेत."