आवा निवेपर्यंत

नदीच्या वळणावर निंबारे नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात भागू नावाची एक कुंभारीण राहत होती. नवरा गेला, पण तिने घरचं चाक थांबू दिलं नाही. तिच्या भावाची लेक मथू तिच्याकडे राहून काम शिकत होती. मथूच्या हाताला असं वळण होतं की माती चाकावर जणू आपणहून उभी राहायची. मन मात्र सशाचं. मागून कुणी हाक मारली की हातातलं ओलं मडकं चेपून जाई. दाराची कडी तीनदा चाचपल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. शेजारची गंगू मुद्दाम ओरडायची, "मथे, मांजर शिंकलं गं, पळ!" सगळ्या बायका हसायच्या. मथूही हसायची. पण छातीतली धडधड काही हसण्याने थांबत नाही.

याला कारण होतं. मथूचा बाप कोंडिबा पूर्वी दारू प्यायचा. दिवस कलला की लहानगी मथू कान टवकारून बसायची. अंगणातली पावलं सरळ आली, तर जेवण सरळ व्हायचं. पावलं घासत आली, तर धाकट्या भावाला ओढून कणगीमागे दडायचं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. एवढीशी पोर, पण पावलं ओळखण्यात तिची कधी चूक झाली नाही. त्या घरात तिच्या कानांनीच दोघांना वाचवलं.

पुढे कोंडिबाची दारू सुटली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. मथू मोठी झाली, आत्याकडे आली. कान काही मागे राहिले नाहीत. तेही बरोबर आले.

भागूच्या घरची एक रीत होती. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, ज्याने पेटवला, त्यानेच तो उघडायचा. दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. त्या वर्षी नवरात्राआधी भागू म्हणाली, "मथू, गावाचे घट यंदा तुझ्या आव्यातले."

मथूने कच्चे घट गोवऱ्यांत आणि पेंढ्यात रचले, वरून चिखलाचा लेप दिला, आवा पेटवला. आग विझली तरी आवा आपसूक निवू द्यायचा असतो. तापल्या मडक्याला वारा लागला की ते तडकतं. हे मथूला पाठ होतं. पण विझलेल्या आव्यातून 'टक्' असा आवाज आला आणि ती ताडकन उठली. फुटतायत! तिने काठीने लेप फोडला. वारा आत शिरला आणि सगळेच्या सगळे घट तडकले. दुसरा आवाही असाच गेला. दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मथूने फुंकता फुंकता ताकच सांडलं.

घटस्थापना पाच दिवसांवर आली. मथू खापरं गोळा करत म्हणाली, "आत्या, मला नुसती माती मळायला ठेव. हे काम माझं नव्हे."

"आणखी एक आवा लाव."

"आणि तोही गेला तर?"

"मग गाव बाजारातून घट आणील आणि तू माती मळशील. मी अडवणार नाही." भागू तिच्या शेजारी बसली. "पण एक सांग. आत फुटतंय हे तुला कशावरून कळलं?"

"आवाज आला ना."

"अगं, आवाज येणारच! गोवरी ढासळते, राख खचते, लेपाला भेग पडते. तुझा कान खोटा नाही. पण तो दुसऱ्या घरात शिकलाय. आव्याला कान नाही लावायचा, हात लावायचा. दहा श्वास तळवा टेकवता आला, तर उघड. नाही आला, तर गप बस."

तिसरा आवा लागला. दिवसभर धुमसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विझला. मथू समोर बसून राहिली. 'टक्.' तिने तळवा लेपावर ठेवला. दोन श्वासांतच चटका बसला. ती मागे सरकून बसली. पुन्हा 'टक्.' पुन्हा तळवा. पुन्हा चटका. अशी दुपार झाली.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. घासत येणारी. मथूला कळायच्या आत ती गोवऱ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली होती.

कोंडिबाच होता. सणाला म्हणून शेंगांचं गाठोडं घेऊन आला होता. आताशा गुडघा धरल्यामुळे तो पाय ओढत चालायचा. नेमका तेव्हाच आव्यातून मोठ्याने 'टक्' असा आवाज आला. कोंडिबा जुन्याच आवाजात ओरडला, "मथे! सगळं फुटतंय आत! बघतेस काय? उघड!"

बापाचा हा आवाज आला की मथू सांगितलं ते करायला दुसऱ्या शब्दाआधी पळायची. आताही ती धावत आली, काठी उचलली, लेपावर रोखली. मग तिने दुसरा हात पुढे केला आणि तळवा टेकवला. एक, दोन, तीन. चटका.

तिने काठी खाली ठेवली. "अजून नाही, बा."

"अगं पण..."

"बा, बस."

असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कोंडिबा बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "मला बघून लपलीस तू." मथूने काठी आणखी दूर सरकवली. "नऊ वर्षं झाली, पोरी. थेंब नाही घेतला. अजून भितेस?"

मथूने त्याचा हात धरला आणि आव्यावर ठेवला. कोंडिबाने तो झटक्यात मागे घेतला. "केवढा तापलाय गं!"

"आग सकाळीच विझलीय, बा."

कोंडिबाने आपल्या तळव्याकडे पाहिलं, मग मथूकडे. मग म्हणाला, "किती वेळ लागेल?"

"निवेल तेव्हा निवेल."

"मग बसतो," तो म्हणाला. गाठोडं सोडून शेंगा सोलू लागला. सोललेले दाणे तो मथूच्या बाजूला सरकवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मथूचा तळवा लेपावर दहा श्वास राहिला. तिने आवा उघडला. दोन घट तडकले होते. बाकीचे लाल, देखणे, सगळे धड. कोंडिबाने एकाला टिचकी मारली. घट खणखणीत वाजला आणि मथू दचकली. पण जागची हलली नाही.

घट न्यायला पहिली आली ती गंगू. "मथे, मांजर शिंकलं गं!"

"शिंकू दे," मथू म्हणाली. "तू तुझा घट वाजवून घे."

तात्पर्य: आईबापाचं व्यसन सुटलं तरी त्याचा धाक लेकरांच्या अंगात मुरलेला राहतो, आणि तो लेकरांचा दोष नव्हे, व्यसन सोडणाऱ्याने तो धाक निवेपर्यंत धीराने शेजारी बसावं आणि भिणाऱ्याने भीतीचं ऐकण्याआधी समोरचं हाताने पारखून घ्यावं.