विरी गेलेला राजा

एका राज्यात पीठ उदंड होते, पण भाकरी नव्हती. परातीत थापता थापताच ती तुटे.

झाले होते असे. तेथील राजा मकरंदसेन भला माणूस, पण त्याला उद्याची धास्ती फार. टंकनाथ मांत्रिकाने त्याला आपोआप फिरणारे जाते दिले आणि बजावले, "रोज लागेल तेवढेच दळ. साठवून ठेवशील तर पिठाचे होईल ते तुझेही होईल." राजाने सुगीची सगळी ज्वारी एकदम दळून घेतली, कोठारे भरली आणि कुलपे घातली. दळलेले पीठ फार दिवस ठेवले की त्याची विरी जाते, कणाला कण धरत नाही. राणी कमलजेने हे त्याला सांगितले होते. राजा म्हणाला होता, "भरल्या कोठाराला नाव ठेवू नये."

पिठाची विरी गेली आणि शाप राजाला लागला. एके सकाळी त्याच्या करंगळीचे टोक पीठ होऊन उशीवर सांडले. मग कानाची पाळी गेली. राजवैद्याने लेप लावला, तर लेपासकट खांदा ढासळू लागला. राणीने सांडलेले पीठ पदरात बांधले.

"वाऱ्याला बसू नका," ती म्हणाली. "मी येते."

डोंगरापलीकडे टंकनाथ एका झिजलेल्या जात्याला छिन्नीने टाकी लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"राजा कुठे आहे?"

"थोडा घरी, थोडा माझ्या पदरात."

"तीन कामे कर. मग बोलू."

पहिले काम टंकनाथाच्या साळुंकीचे. ओढ्याकाठचे अळू खाऊन तिचा घसा खवखवला होता आणि वाचा बसली होती. तिला अळूच खाऊ घालून बोलती करायचे होते. राणीने देठ सोलले, पाने चिरली, चिंचेचा कोळ घालून मऊ शिजवली. चिंच असली की अळू खाजत नाही. साळुंकीने चोच बुडवली, विचार केला आणि म्हणाली, "गूळ कमी पडला."

दुसरे काम दह्याचे. दूध होते, पण त्या रानात विरजण नव्हते. राणीने दूध तापवले, बोटाला सोसेल इतके कोमट होऊ दिले, त्यात देठासकट सुक्या मिरच्या टाकल्या आणि भांडे चुलीच्या उबेला झाकून ठेवले. अधूनमधून ती झाकण उचलून बघे.

"सारखे बघू नकोस," साळुंकी म्हणाली. "दही लाजते."

दुसऱ्या दिवशी दही लागले, जरा सैल. त्याचेच विरजण लावून केलेले पुढचे दही घट्ट लागले.

तिसरे काम भाकरीचे. टंकनाथाने राजाच्याच कोठारातले पीठ पुढे केले. राणीने गार पाण्यात मळले, भाकरी तुटली. कोमट पाण्यात मळले, तीही तुटली. मग तिने पाण्याला खळखळून कढ आणला, ते पिठावर ओतले, उलथन्याच्या दांड्याने ढवळून थोडा वेळ झाकले आणि गरम असतानाच तळव्याने रगडले. भाकरी गोल थापली गेली, तव्यावर टम्म फुगली.

फुगलेल्या भाकरीकडे बघता बघता राणीचा चेहरा उतरला.

"महाराजांनाही हेच लागेल?"

"पिठाला जे लागते ते," टंकनाथ म्हणाला.

"कोमट करून चालणार नाही?"

"कोमटाचे काय झाले ते तू पाहिलेस."

राणीने पदराची गाठ घट्ट केली आणि ती निघाली.

राणी परतली तेव्हा राजा गुडघ्यांपर्यंत सांडला होता. दारे-खिडक्या बंद होत्या. सेवक श्वास आवरून उभे होते. तिने सगळे पीठ मोठ्या परातीत त्याच्या गुडघ्यांशी गोळा केले, पदरातले बोटाकानाशी ठेवले आणि चूल पेटवली.

"काय करतेस?" राजाने विचारले.

"पाणी तापवते."

"किती?"

"कढ येईपर्यंत."

राजाने चुलीकडे पाहिले.

"पीठ गरम असतानाच मळावे लागते ना?"

"होय."

"मग तुझे हात भाजतील."

"भाजू देत. डोळे मिटा."

तिने कढत पाणी ओतले. राजा एकदाच कण्हला. ती थांबली नाही. गार झाले असते तर पुन्हा कण सुटले असते. पावले झाली, पोटऱ्या झाल्या, खांदा भरला, करंगळीला टोक आले. कानाची पाळी जरा वाकडी बसली. तळवे फोडांनी भरले तेव्हा कुठे राणीने हात मागे घेतले. राजाने ते धरायला आपले हात पुढे केले आणि त्याची बोटे तुटली नाहीत.

कोठारे उघडली. पीठ घरोघर गेले आणि कढत पाण्याची रीत दवंडी पिटून सांगितली गेली. मंतरलेले जाते राजाने टंकनाथाला परत पाठवले. लोक पुन्हा आपापल्या घरी, लागेल तेवढे दळू लागले. राणीचे तळवे बरे होईपर्यंत राजा रोज तिच्यापाशी बसे, भाकरी दुधात कुस्करी आणि एकेक घास तिला भरवी.

त्यांचे जसे सांधले, तसे ऐकणाऱ्यांचेही सांधो.