आवडी सुतारणीचे तळहात

जवळ बसा असे, आणि मध्ये बोलू नका. माझ्या आज्याच्या आज्यानंही हे दुसऱ्याकडूनच ऐकलं होतं, इतक्या मागची ही गोष्ट. घाटमाथ्यावर सोंडेवाडी नावाचं गाव होतं, आजही आहे. गावाची देवी रानाई, आणि तिचं ठाणं देवराईत. त्या देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, काडीसुद्धा तोडायची नाही. मग देवीचा मुखवटा कशाचा करायचा? तर एखादं झाड आपणहून पडलं की त्याच्या सालीचा. लाकूड तिथंच कुजू द्यायचं, साल तेवढी आणायची. साल म्हटल्यावर नाक मुरडू नका. जुन्या सावरीची साल चार बोटं जाड असते, आणि दमानं कोरली तर तीत डोळे, नाक, ओठ सगळं उमटतं.

एका वर्षी जुन्या मुखवट्याला भुंगा लागला आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी एक सावर पडली. गुणाजी सुतार साल काढायला गेला, तर ओलं खोड घरंगळलं आणि त्याच्या कमरेवर आलं. तेव्हापासून तो खाटेवर. गावात दुसरं सुताराचं घर नव्हतं, म्हणून नाइलाजानं ठरलं की मुखवटा त्याच्या बायकोनं, आवडीनं कोरायचा. तिनं तो कोरला, आणि असा कोरला की गुणाजी बघतच राहिला. आपल्याला असा जमला नसता हे त्यानं काही कबूल केलं नाही, पण त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

खरी धाकधूक पुढंच होती. कोरलेल्या सालीला वरून काही लावल्याशिवाय ती टिकत नाही. आणि जे लावायचं ते एकदाच, कारण साल ते पिऊन टाकते, मग पुसून निघत नाही. त्यात गावची रीत अशी, की पौषातल्या पुनवेच्या जत्रेआधी मुखवटा तडकला तर देवीनं तो नाकारला असं समजायचं, आणि ज्यानं केला त्यानं हत्यारं गावच्या डोहात टाकून गाव सोडायचं. धडधाकट माणसाचं ठीक आहे. आवडीनं खाटेवरच्या नवऱ्याला घेऊन घाट कसा उतरायचा? बैलगाडीच्या एका हिसक्यानं त्याचा जीव गेला असता.

गुणाजी म्हणे, लाख लाव, चांगली झळकू दे. पण मुखवट्याला डोहात स्नान घालतात, आणि ओल लागली की लाखेचे पापुद्रे सुटतात हे तिनं माहेरच्या पाळण्यावर पाहिलं होतं. मेण लावावं, तर ते मशालींपुढं वितळणार. करंजाचं तेल कडू, त्याला भुंगा शिवत नाही, पण ते सालीत मुरेल का? तिनं सालीचे उरलेले तुकडे घेतले, एकेकाला एकेक लावलं, पाण्यात बुडवले, उन्हात टाकले. दर घटकेला चूल सोडून अंगणात धाव. भाकरी रोज करपायची. शेवटी करंजाच्या तेलाचा तुकडा खणखणीत निघाला. पुनवेला आठ दिवस होते. तिनं देवीचं नाव घेतलं आणि मुखवट्याला तेल लावलं.

आणि तिथंच चुकली हो बाई. तुकडे होते शेंड्याकडच्या सालीचे, कधीच वाळलेले. मुखवटा होता बुंध्याकडच्या सालीचा, आतून अजून ओला. दुसऱ्या दिवशी बघते तर तेल वरच्या वर, चिकट, त्यावर धूळ बसलेली, आणि उजव्या गालावर नखाएवढी चीर.

त्याच दिवशी देवीचा गुरव सटवाजी मुखवटा बघायला आला. चीर त्यानं पाहिली. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. "वैनी, पुनवंपातुर वाट बघतो," तो म्हणाला, "पन चीर कानाला भिडली तर माज्या हातात काय न्हाई." तासाभरात ही बातमी गावभर झाली. मग आवडीच्या दारात कोणी फिरकेना. पाणवठ्यावर ती दिसली की बायका अर्धा हंडा भरूनच निघून जायच्या. देवीनं नाकारलेल्या घराची सावली नको, दुसरं काय.

आवडी मुखवटा मांडीवर घेऊन बसली. उन्हात ठेवावा तर चीर वाढेल, सावलीत ठेवावा तर बुरशी धरेल. काही सुचेना तेव्हा तिनं त्यावर तळहात ठेवला आणि घासायला लागली. हाताची ऊब लागली तसं तेल जरासं आत गेलं. मग थांबायची सोयच राहिली नाही. हात थांबला की चीर पुढं सरकायची, असं म्हणतात. खाटेवरून गुणाजीला ते बघवेना. "आगं, सोड आता," तो म्हणाला, "मला हितंच ठेव आन् तू जा."

तिनं मान वर केली नाही. "तुमास्नी ठिवायचं आसतं, तर हात कशाला झिजवलं आसतं?"

सात दिवस ती घासत होती. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी हातांचे फोड फुटले, पाचव्या दिवशी तळहातावरच्या रेघा पुसट व्हायला लागल्या, आयुष्याची रेघसुद्धा. पुनवेच्या सकाळी गुरव आला तेव्हा तिचे दोन्ही तळहात कोरे होते आणि त्यावरच्या सगळ्या रेघा देवीच्या गालांवर उमटल्या होत्या. चीर त्यांच्यातलीच एक होऊन बसली होती. कुठली, ते सटवाजीला शोधूनही सापडेना. मुखवटा डोहात बुडवला, तर पाणी थेंब थेंब होऊन ओघळून गेलं.

जत्रा झाली आणि सगळा गाव नारळ घेऊन सुताराच्या दारात लोटला. आवडीनं एकही नारळ हातात घेतला नाही. ती एवढंच म्हणाली, "सात दिस दार उगडंच हुतं."

एकेक जण नारळ उंबऱ्याशी ठेवून खाली मान घालून परतला.

गुणाजी पुढं बरीच वर्षं त्याच घरात जगला. गाव सोडायला लावायची रीत त्या दिवसापासून मोडली. आजही जत्रेआधी रानाईच्या मुखवट्याला करंजाचंच तेल लावतात, तेही फडक्यानं नाही, तळहातानं, आणि पहिला हात गुरवाच्या घरचा. पण ते जत्रेपुरतं. सोंडेवाडीत कोणाच्या घरावर काही ओढवलं, की सात दिवस रोज कोणी ना कोणी तिथं जाऊन बसतं. काही करता येण्यासारखं नसलं तरी बसतं. गावात त्याला आवडीचे सात दिवस म्हणतात.