साळूची तक्रार

फार जुन्या काळी, दुष्काळाने होरपळलेली एक काटेरी साळू पिलांना घेऊन नदी ओलांडून परक्या रानात आली. राजाची परवानगी तिच्यापाशी नव्हती आणि हे एका रानडुकराला ठाऊक होतं. तो तिच्याकडून दिवसभर कंद उकरून घेई आणि तिच्या पिलांसाठी सालसुद्धा ठेवत नसे. ती दमून थांबली, की हळूच म्हणे, "राजाला सांगू का गं, तू कुठली ते?"

पुढे सिंहाने कायदा केला, की असा धाक घालून कुणाला राबवणं हा गुन्हा आहे. साळूने धीर करून दरबार गाठला आणि सगळं सांगितलं. सिंहाने डुकराला महिनाभर कोंडलं.

"उपकार झाले, महाराज," साळू रडत म्हणाली. "आता पिलांना पोटभर घालीन."

"घाल, पण नदीपलीकडे," सिंह म्हणाला. "परवानगीशिवाय आलीस, हे तूच आत्ता सांगितलंस."

त्याच दिवशी तिला पिलांसकट नदीपार हाकललं. परमुलखातून आलेली कितीतरी जनावरं झुडपांआडून ते बघत होती.

त्यानंतर दरबारात एकही तक्रार आली नाही.

"बघा," सिंह समाधानाने प्रधानाला म्हणाला, "कायदा केला आणि धमक्या थांबल्या."