न सांगितलेली गोळी

पुष्कळ पिढ्यांमागे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात सगुणा नावाची बुरडीण राहत होती. बांबू तोडताना ती कड्यावरून पडली आणि तिची कंबर कायमची अधू झाली. सूप विणायला बसले की कळ थेट मस्तकात जाई. उभे राहिले तरी तेच.

गावात एक वैद्य होते. हाताला गुण होता, पण जीभ फार तिखट. सगुणा औषधाला गेली, तेव्हा तिच्याआधी एक म्हातारा धनगर बसला होता. तो म्हणाला, "वैद्यबुवा, गुडघे लई ठणकतात. चिमूटभर भांग घेतली की जरा बरं वाटतं."

वैद्य कडाडले, "भंगड मेला! पुन्हा माझ्या ओट्यावर पाय ठेवू नकोस!"

बसलेले लोक हसले. म्हातारा खाली मान घालून निघून गेला.

सगुणाच्या कनवटीलाही भांगेच्या गोळ्या होत्या. एका गोसाव्याने त्या दिल्या होत्या. दुधातून एक घेतली की कळ जात नसे, पण लांब गेल्यासारखी वाटे, आणि हातून थोडे विणून होई. त्या दिवशी तिने कनवटीवर पदर ओढला.

थंडीत दुखणे असह्य झाले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि विचारले, "आणखी काही घेतेस का?"

"नाही, बुवा. तुमचा लेप तेवढा लावते."

वैद्यांनी विश्वास ठेवला आणि अफूचा काढा मोजून दिला. सकाळी सगुणाने काढा घेतला, आणि सवयीने गोळीही घेतली. एका गुंगीवर दुसरी चढली. दुपारी तिची लेक भिवरा भाकरी घेऊन आली, तेव्हा आई अर्धवट विणलेल्या सुपावर कलंडली होती. अंग गार पडले होते.

वैद्य धावत आले. तिच्या कनवटीतल्या गोळ्या त्यांनी पाहिल्या.

"हे कळलं असतं, तर अफू दिलीच नसती मी! का नाही सांगितलं तिनं?"

भिवरा म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही तिचं दुखणं ऐकलं असतं का, बुवा?"



पुढे वैद्य प्रत्येकाला हात जोडून विचारू लागले, "काय घेतोस ते सांग बाबा, मी रागावणार नाही." लोक मान हलवून म्हणत, "काहीच नाही." त्यात खरे किती, हे वैद्यांना मरेपर्यंत कळले नाही. आणि तरी काढा द्यावाच लागे.

जो दुखणेकऱ्याला लाजवतो, त्याला खरे कुणी सांगत नाही. आणि खरे ठाऊक नसलेल्याच्या हातून औषधाचेही विष होते.